परक्या घरचे ताट

पंधरा-सोळा वर्षांचे मूल वर्षभरासाठी परदेशी जाते, तिथल्या शाळेत नाव घालते आणि एका अनोळखी कुटुंबात त्या घरचे होऊन राहते. या प्रथेला आपण ‘स्टुडंट एक्स्चेंज’ म्हणतो. मराठीत तिची ‘विद्यार्थी देवाणघेवाण’ झाली. हा शब्द इतका रुळला आहे की त्याच्याकडे कोणी निरखून पाहत नाही. पाहिले तर लक्षात येते, की यात देवाण आहे, घेवाण मात्र बहुतेक वेळा नाही. जे घर त्या मुलाला ठेवून घेते त्या घरचे मूल बदल्यात कुठे जातेच असे नाही. खोलीचे भाडे नाही, जेवणाचे पैसे नाहीत. या प्रथेचा इतिहास सांगताना संस्थांची नावे, स्थापनेची साले आणि राष्ट्राध्यक्षांचे शुभसंदेश सांगितले जातात. माझ्या मते हा इतिहास मुळात घरांचा आहे, आणि घरातही स्वयंपाकघराचा. संस्था मागाहून आल्या आणि घरांना आधीपासून ठाऊक असलेली एक गोष्ट त्यांनी चुकतमाकत शिकून घेतली. ती गोष्ट अशी, की परक्या मुलाला घरचे करायचे असेल तर त्याच्या ताटाचा हिशेब ठेवून चालत नाही.

हिशेब होता तेव्हाचे एक उदाहरण आधी पाहू. सोळाव्या शतकात स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात थोमास प्लाटर नावाचा शाळामास्तर होता. लहानपणी डोंगरात शेळ्या राखलेला हा माणूस दोर वळण्यापासून छापखाना चालवण्यापर्यंत नाना उद्योग करून शाळेचा मुख्य झाला होता. मुलगा फेलिक्स डॉक्टर व्हावा हा त्याचा ध्यास. वैद्यकासाठी नाव घेण्याजोगे विद्यापीठ होते दक्षिण फ्रान्समधल्या माँपेलियेला, आणि तिथे मुलाला वर्षानुवर्षे ठेवण्याचा खर्च मास्तराच्या आवाक्याबाहेरचा. तोड निघाली ती अदलाबदलीची. माँपेलियेचा औषधविक्रेता लोराँ कातालान याला आपला मुलगा जर्मन बोलणाऱ्या मुलखात शिकवायचा होता. त्याचा मुलगा थोमासच्या घरी, थोमासचा मुलगा त्याच्या घरी. मुलाच्या बदल्यात मूल. ऑक्टोबर १५५२ मध्ये, नुकतीच सोळा वर्षे पुरी करत असलेला फेलिक्स घोड्यावरून निघाला आणि तीनेक आठवड्यांनी पोहोचला. म्हातारपणी त्याने आठवणी लिहून ठेवल्या, म्हणून पावणेपाचशे वर्षांपूर्वीच्या एका होस्ट फॅमिलीचे स्वयंपाकघर आज आपल्याला आतून पाहता येते.

त्या आठवणींत एक प्रसंग आहे. ईस्टरपूर्वीच्या उपासाच्या दिवसांत कॅथलिक माँपेलियेत मांस आणि अंडी खायला सक्त मनाई असे. फेलिक्स प्रॉटेस्टंट, शिवाय लोण्यावर वाढलेला. ऑलिव्हच्या तेलातले जेवण त्याला नवखे. तो आपल्या खोलीत एका कागदावर लोणी घाली, तो कागद निखाऱ्यांवर धरी आणि त्यातच अंडी शिजवी. भांडे वापरायची सोय नव्हती, कारण भांडे घरच्यांच्या नजरेस पडले असते. टरफले तो खोलीतच साठवत गेला. एक दिवस मोलकरणीला तो ढीग सापडला, तिने तो मालकिणीला दाखवला आणि मालकीण संतापली. आता कातालान घराणे मूळचे ज्यू, स्पेनमधल्या छळात ख्रिस्ती झालेल्यांपैकी. ज्यांच्या धर्मावर शेजाऱ्यांचा आधीच संशय असतो त्यांच्या घरात उपासाच्या दिवसांत अंड्याची टरफले सापडणे म्हणजे जिवाशी खेळ. मालकिणीचा तो राग मला कुरकुरीपेक्षा भीतीचाच अधिक वाटतो. परक्या घरात राहणारा मुलगा आपली जीभ आणि आपला धर्म सोबत घेऊन येतो आणि त्याची किंमत घराला मोजावी लागू शकते, ही या प्रथेतली कायमची अडचण तेव्हापासूनची आहे. तरी फेलिक्सला कोणी हाकलून दिले नाही. तो चारेक वर्षे राहिला, १५५७ मध्ये बाझेलला परतला आणि पुढे त्या शहराचा नामांकित वैद्य झाला.

त्याला हाकलले नाही यात कातालान दांपत्याचा भलेपणा असेलच. पण व्यवहारही होता. त्यांचा मुलगा बाझेलला थोमासच्या पंगतीत बसत होता. दोन्ही बाजूंनी एकमेकांचे मूल जवळजवळ तारण ठेवलेले होते, आणि त्या तारणावर विश्वास उभा होता. व्यापारी घराण्यांना ही रीत सोयीची वाटत असे यात नवल नाही; पैसा हातातून जात नाही आणि मूल भाषा शिकून येते. पण तिची मर्यादाही उघड आहे. समोरच्याला आपल्याकडे पाठवण्याजोगे मूल असले पाहिजे, दोन्ही घरांची ऐपत साधारण सारखी असली पाहिजे आणि दोघांची गरज एकाच वेळी उभी राहिली पाहिजे. असा जमलेला मेळ दुर्मीळच असणार. मराठी वाचकाला दुसरी एक रीत आठवेल, वार लावून जेवण्याची. पुण्यात शिकायला आलेला गरीब विद्यार्थी सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी असा आठवडा लावत असे. तिथे अदलाबदल नव्हती, दान होते. पण ताटापुरतेच. जेवून उठले की मुलाने आपल्या खोलीवर जायचे. त्या घरातले आजारपण, भांडण, सणाच्या आदल्या दिवशीची धावपळ यांच्याशी त्याचा संबंध नाही. शिवाय वार लागत ते जात पाहून. विद्यार्थी देवाणघेवाणीत मात्र मुलाला ताटाबरोबर घरही मिळते, आणि ते घर त्याच्या जातीचे, धर्माचे किंवा भाषेचे नसते. तारणही नाही आणि दानही नाही, असे हे तिसरे काहीतरी कुठून आले हाच खरा प्रश्न आहे.

त्याचे एक लखलखीत उदाहरण मराठी माणसाला पाठ आहे, पण या अंगाने आपण ते क्वचित पाहतो. १८८३ च्या जूनमध्ये आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. आपण त्यांना पहिल्या डॉक्टर म्हणून, पती गोपाळरावांच्या हट्टाची कहाणी म्हणून वाचतो. ‘आनंदी गोपाळ’ कादंबरीनंतर तर ती जोडीचीच गोष्ट झाली. पण त्या बंदरावर त्यांना घ्यायला आलेल्या होत्या थिओडिशिया कार्पेंटर, न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या एक गृहिणी. गोपाळरावांनी मदतीसाठी एका अमेरिकन पाद्र्याला पत्र लिहिले होते. ते मिशनरी मासिकात छापले गेले, सोबत पाद्रीबुवांचे उत्तरही, की ख्रिस्ती व्हाल तर पाहू. कार्पेंटरबाईंच्या हाती तो अंक योगायोगाने पडला आणि त्यांनी परस्पर लिहून कळवले की या मुलीला माझ्या घरी जागा आहे. पुढे पत्रांतूनच ओळख वाढली, आणि आनंदीबाई त्यांना ‘मावशी’ म्हणू लागल्या. फिलाडेल्फियाचे कॉलेज सुरू होईपर्यंत त्या रोझेलला त्यांच्या घरी राहिल्या. पाद्र्याने अट घातली होती, मावशींनी घातली नाही. घर देणे आणि अटीवर मदत देणे यांतला फरक याहून स्वच्छ कुठे दिसत नाही. आणि इथे अदलाबदलीला वावच नव्हता. कार्पेंटरांच्या मुलांपैकी कोणी बदल्यात कल्याणला येणार होते थोडेच!

पहिल्या महायुद्धानंतर हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडली. युद्ध हरलेल्या ऑस्ट्रियात उपासमार होती. व्हिएन्नातली कुपोषित मुले आगगाड्यांत बसवून हॉलंड, स्वित्झर्लंड, डेन्मार्क अशा देशांतल्या कुटुंबांकडे अंग धरेपर्यंत राहायला पाठवली गेली. डिसेंबर १९२० मध्ये अशाच एका गाडीतून हर्मिने नावाची अकरा वर्षांची मुलगी हॉलंडमधल्या लायडेन गावी उतरली. ज्या घराने तिला नेले तिथे आधीच पाच मुले होती. श्रीमंती नव्हती. तिचे नाव त्यांना फार औपचारिक वाटले म्हणून त्यांनी तिला एक डच लाडके नाव दिले, मीप. मुक्काम काही महिन्यांचा ठरला होता. तो लांबला, आणि लांबतच गेला. सोळाव्या वर्षी ती आईवडिलांना भेटायला व्हिएन्नाला गेली तेव्हा तिला उमगले की आपण आता डच आहोत. आईवडिलांनी तिला परत जाऊ दिले. हीच पुढची मीप खीस. १९४२ ते १९४४ या काळात ॲमस्टरडॅममध्ये लपलेल्या ॲन फ्रँकच्या कुटुंबाला अन्न पोहोचवणाऱ्यांपैकी ती एक, आणि अटकेनंतर जमिनीवर विखुरलेली ॲनची पाने उचलून जपून ठेवणारीही तीच. लायडेनच्या त्या पाहुणचारातून हे धैर्य आले असे म्हणणे सवंग होईल. ज्यांना असा पाहुणचार मिळाला नव्हता त्यांनीही जिवावर उदार होऊन माणसे लपवली. एवढे मात्र म्हणता येते, की एका कोळशाच्या धंद्यातल्या नोकरदाराच्या घराने परक्या देशाची मुलगी आपली केली, आणि कुठल्याही सरकारी कार्यक्रमाचा तो उद्देश नव्हता. कार्यक्रम मुलांचे वजन वाढवण्याचा होता.

संस्थांना हे कळायला वेळ लागला. अमेरिकेतल्या डोनाल्ड वॉट यांनी १९३२ मध्ये काही अमेरिकन मुलांना युरोपात नेले. पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी देशोदेशीची मुले एका शिबिरात एकत्र ठेवली. कल्पना चांगली होती, पण शिबिरात जे होते तेच झाले: ज्याने त्याने आपापल्या भाषेचा कंपू केला. त्यानंतर वॉट यांनी मुलांना घराघरांत ठेवायला सुरुवात केली आणि तीच त्यांच्या ‘एक्स्पेरिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग’ या संस्थेची पद्धत झाली. १९३४ मध्ये या संस्थेतर्फे जर्मनीत राहून आलेल्या मुलांपैकी सार्जंट श्रायव्हर एक होते, आणि १९६१ मध्ये तेच अमेरिकेच्या पीस कोअरचे पहिले संचालक झाले. दुसरी संस्था ‘अमेरिकन फील्ड सर्व्हिस’, जगभर एएफएस म्हणून ओळखली जाणारी. तिचा जन्मच रणांगणावरचा. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी सैनिक वाहून नेणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांची ती संघटना, पायट अँड्र्यू यांनी उभारलेली. दुसऱ्या महायुद्धातही तिच्या रुग्णवाहिका धावल्या. युद्ध संपल्यावर तिचे प्रमुख स्टीफन गलाटी, जे स्वतः पहिल्या युद्धातले चालक होते, यांनी ठरवले की आता किशोरवयीन मुलांना आणायचे. १९४७ मध्ये दहा देशांतून ५२ मुले आली. सुरुवातीला त्यांतल्या काहींची सोय निवासी शाळांमध्ये होती. घर हा नियम व्हायला आणखी काही वर्षे जावी लागली.

१९५१ चे मिशिगन मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्या वर्षी जर्मनीतली ७५ किशोरवयीन मुले मिशिगनमधल्या कुटुंबांत वर्षभर राहायला आली. चर्चच्या मंडळींच्या पुढाकाराने, रेचेल अँड्रेसन या बाईंच्या धडपडीतून झालेल्या या उपक्रमातून पुढे ‘यूथ फॉर अंडरस्टँडिंग’ ही संस्था निघाली. वयाचे गणित करून पाहा. ही मुले हिटलरच्या सत्तेच्या आरंभीच्या वर्षांत जन्मलेली, त्याच्या शाळांत शिकलेली, बॉम्बवर्षावात वाढलेली. युद्ध थांबून फक्त सहा वर्षे झाली होती. ज्या गावांतून तरुण पोरे युरोपात लढायला गेली, आणि काही परत आलीच नाहीत, त्याच गावांत आता जर्मन मुले सकाळी न्याहारीला बसत होती. अशा वेळी घरमालक आणि भाडेकरू यांचे नाते उपयोगी पडत नाही. पैसे घेऊन ठेवलेल्या शत्रूच्या मुलाशी सभ्यपणे वागता येते, पण तेवढेच. त्याच्यावर रागावता येत नाही, त्याला अंगण झाडायला सांगता येत नाही, आणि तोही मनातले विचारत नाही. घरचे मूल मानले की त्याच्या वाट्याला भांडी धुणे येते, रात्री उशिरा आल्याबद्दल बोलणी येतात, आणि कधीतरी तो अवघड प्रश्न येतो: तुझे वडील युद्धात काय करत होते? हिशेब न ठेवण्यामागे औदार्य असेलच, पण त्याने एक कामही होत होते. हिशेब नसला की दोन्ही बाजूंना एकमेकांवर हक्क सांगता येतो.

माझ्या म्हणण्याला सर्वांत भक्कम पुरावा अगदी अनपेक्षित ठिकाणी सापडतो, तो म्हणजे अमेरिकेचा आयकर कायदा. १९६० मध्ये त्यात अशी सोय झाली की मान्यताप्राप्त संस्थेशी लेखी करार करून, बाराव्या इयत्तेपर्यंतच्या विद्यार्थ्याला आपल्या घरातला माणूस म्हणून ठेवणाऱ्या कुटुंबाने त्याच्यावर केलेला खर्च धर्मादाय देणगी समजावा. मर्यादा महिन्याला ५० डॉलर. ती आजही ५० डॉलरच आहे. साठ वर्षांहून अधिक काळात तिला कोणी हात लावलेला नाही. पंधरा दिवस किंवा जास्त शाळा झाली तर पूर्ण महिना धरायचा. अन्न, कपडे, पुस्तके, औषधपाणी, करमणूक हे मोजता येते. खोलीचे बाजारभावाने भाडे, घराचा घसारा हे मोजता येत नाही. इस्पितळाच्या बिलासारखा एखादा एकदाच उद्भवणारा खर्च सोडून कोणतीही भरपाई घेतली, तर सवलत गेली. आणि सर्वांत बोलकी अट ही, की तुमचे मूल बदल्यात परदेशी कुटुंबात राहायला जाणार असेल, म्हणजे खरीखुरी अदलाबदल असेल, तरीही सवलत मिळणार नाही. करखात्याची भाषा रुक्ष असते, पण तिला नेमके पकडावे लागते. ज्याला सगळे जग एक्स्चेंज म्हणते, त्यात एक्स्चेंज नसेल तरच ते दान, असे या कायद्याने पांढऱ्यावर काळे करून ठेवले आहे. कातालान आणि प्लाटर आज अमेरिकेत असते तर दोघांनाही वजावट मिळाली नसती.

यावर पहिला आक्षेप येतो तो राजकारणाचा. ही सारी शीतयुद्धातली प्रचारयंत्रणा होती, घराच्या ऊबेच्या गोष्टी कसल्या सांगता? आक्षेपात बरेच तथ्य आहे. १९४८ आणि १९६१ च्या कायद्यांनी अशा आदानप्रदानाला अमेरिकन परराष्ट्र धोरणाचे अंग बनवले. केनेडींनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर एएफएसच्या मुलांचे स्वागत केले ते निव्वळ वात्सल्यापोटी नव्हे. सोव्हिएत संघ कोसळताच तिथल्या मुलांसाठी ‘फ्लेक्स’ ही शिष्यवृत्ती आली. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर मुस्लिम लोकसंख्या मोठी असलेल्या देशांतल्या मुलांसाठी ‘येस’ आली, आणि तिच्यातून भारतातलीही मुले गेली. या तारखा जुळणे हा योगायोग नाही. पण सरकार विमानाचे तिकीट देते, विमा उतरवते. रात्रीच्या जेवणाला काय बोलले जाईल ते सरकारच्या हाती नसते. १९५० च्या दशकात दक्षिणेकडच्या राज्यांत आलेल्या मुलाला वर्णभेदाची वेगळी बाके आणि वेगळ्या शाळा दिसणारच होत्या, आणि एखाद्या यजमानाचे त्यावरचे समर्थनही ऐकू येणार होते. प्रचारासाठी असे साधन कोणी शहाणा निवडणार नाही. दुसरी बाजूही पाहा. २०१४ मध्ये रशियाने फ्लेक्समधून अंग काढून घेतले, तेव्हा दिलेले कारण असे होते की एक विद्यार्थी परत आला नाही. दोन दशके ज्या सरकारने मुले पाठवली, त्याला अखेर अमेरिकन वर्गातला धडा नडला नाही. नडले ते तिथले घर. घर हाताबाहेरचे असते हे दोन्ही सरकारांना कळत होते. एकाने त्या अनिश्चिततेवर पैसे लावले, दुसऱ्याला ती परवडली नाही.

दुसरा आक्षेप वर्गाचा, आणि त्याला माझ्याकडे अर्धेच उत्तर आहे. वर्षभर मूल परदेशी पाठवणे हे ज्यांना जमते त्यांचेच काम. आपल्याकडे तर दहावी-बारावीचे वर्ष मागे पडण्याची धास्ती निम्म्या पालकांना आधीच बाहेर ठेवते. उरलेल्यांना तिकीट, विमा आणि संस्थेचे शुल्क बाहेर ठेवते. पूर्ण खर्चाच्या शिष्यवृत्त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. यजमानाच्या बाजूने मात्र चित्र वेगळे आहे. लायडेनचे ते घर श्रीमंत नव्हते, आणि पाहुण्या मुलासाठी वेगळी खोली असावीच असा सार्वत्रिक नियम कधी नव्हता. रोटरीची पद्धत इथे विचारात घ्यायला हवी, कारण ती वरवर माझ्या मांडणीच्या विरोधात जाते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस युरोपातल्या क्लबांमधून सुरू झालेल्या या योजनेत पाठवणाऱ्या पालकांनी आपल्या घरीही परदेशी मूल ठेवावे अशी अपेक्षा बऱ्याच ठिकाणी असते. म्हणजे घेवाण आहेच. पण ते बदल्याचे मूल तिसऱ्याच देशातले असते, आणि पाहुणे मूल वर्षभरात सहसा एकापेक्षा अधिक घरांत राहते. साताऱ्याच्या मुलीला ब्राझीलमधल्या घराने सांभाळले, तर साताऱ्याच्या आईने सांभाळायचे ते फ्रान्सच्या मुलाला. ज्याने दिले त्याला परत काही मिळत नाही. ऋण फिटते ते भलत्याच घरात. तारणाचा व्यवहार असा चालत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो आणि त्याला बगल देण्याची माझी इच्छा नाही. ‘हिशेब न ठेवलेले ताट’ म्हणताना ते ताट कोणी वाढले? या इतिहासात संस्थापकांची नावे बहुतेक पुरुषांची आहेत. रांधणे, धुणे, रडणाऱ्या पोराला जवळ घेणे, शाळेच्या सभेला जाणे, ताप आला तर रात्रभर जागणे, हे बाईच्या अंगावर पडले आणि कुठल्याच खात्यात लिहिले गेले नाही. कर कायद्याकडे पुन्हा पाहा. त्यात पाव आणि दूध मोजले जाते; पाव भाजण्याला आणि दूध तापवण्याला लागलेला वेळ मोजला जात नाही. तेव्हा बिनमोल म्हणजे फुकट बाईचे काम, असे कोणी म्हटले तर ते खोडून काढता येणार नाही. पण मग पैसे द्यावेत का? तसे करणारे देश आहेत. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथे फी भरून शिकायला येणाऱ्या शालेय मुलांना ठेवणाऱ्या कुटुंबांना राहण्या-जेवणाचे पैसे मिळतात, आणि त्यात काही गैर नाही. अशा घरांतही जिव्हाळा जडतो. मुलाला आणि त्याच्या पालकांना तक्रारीचा सरळ हक्क मिळतो, ही जमेची मोठी बाजू. फक्त मग ते मूल पेइंग गेस्ट असते, आणि पेइंग गेस्टला जेवण आवडले नाही तर ते घरमालकिणीचे अपयश ठरते. बिनपैशाच्या घरात जेवण आवडले नाही तर मुलाला स्वयंपाकघरात जाऊन उभे राहावे लागते, बहुधा तिथेच भाषा येते, आणि बाईचे काम किती आहे हेही तिथेच दिसते. बाईच्या कामाला न्याय द्यायचा मार्ग मला तरी घरातल्या पुरुषाने आणि पाहुण्या मुलाने पातेले घासण्यातून जाणारा वाटतो, पावतीपुस्तकातून जाणारा नव्हे.

याच प्रश्नाची काळी बाजू सुरक्षिततेची आहे. घर म्हटले की दार बंद करता येते, आणि ‘ती घरचीच आहे’ म्हणत दुर्लक्षही करता येते. २००९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटन भागात काही परदेशी विद्यार्थी अस्वच्छ घरांत, पुरेसे खायला न मिळता राहत असल्याचे उघड झाले. त्यानंतर अमेरिकन परराष्ट्र खात्याने नियम आवळले: यजमान घराचे फोटो, ओळखीच्यांचे दाखले वगैरे. यातून काही जण असा निष्कर्ष काढतात की भावनेवर चालणारी व्यवस्था मुळातच असुरक्षित. मला तो पटत नाही. त्या प्रकरणात घरे नीट पाहिली गेली नव्हती, हा दोष देखरेखीचा. कोवळ्या वयाचे मूल जिथे राहते तिथे तपासणी हवीच, पैसे घेणाऱ्या घरातही आणि न घेणाऱ्या घरातही. तपासणीने नाते बाटत नाही. सून म्हणून मुलगी देतानाही आपल्याकडे घर पाहून येतातच.

मग शेवटी घराला यातून मिळते काय, हा प्रश्न उरतो, कारण देवाणघेवाण हा शब्द तो विचारायला भाग पाडतो. रोझेलच्या कार्पेंटरबाईंच्या बाबतीत त्याचे उत्तर कागदोपत्री आहे. आनंदीबाई मार्च १८८६ मध्ये पदवी घेऊन डॉक्टर झाल्या, क्षयाने खंगलेल्या अवस्थेत मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. कोल्हापूरच्या इस्पितळात त्यांना मिळालेली जागा त्यांची वाट पाहत राहिली. अंत्यसंस्कारानंतर गोपाळरावांनी त्यांची राख समुद्रापार मावशींकडे पाठवली. एका चित्पावन ब्राह्मण स्त्रीच्या अस्थी गंगेत किंवा नाशिकच्या रामकुंडात जायच्या, त्या काळाच्या कुठल्याही शास्त्रात न बसणारी ही गोष्ट. मावशींनी ती राख न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावच्या दफनभूमीत, आपल्या कुटुंबाच्या जागेत पुरली आणि वर आनंदीबाईंच्या नावाचा दगड बसवला. घरच्यांच्या दगडांच्या रांगेत तो अजून उभा आहे.